पदकाची तिसरी बाजू

नाण्याला दोन बाजू असतात. लष्करी पदकाला तिसरीही असते, ती म्हणजे कड. पुढच्या अंगावर राजाची किंवा राणीची छबी, मागच्या अंगावर विजयाची देवता, सिंह, किल्ला असे काहीतरी. आणि पदक नाव घालून दिलेले असेल तर कडेवर एका माणसाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. अक्षरे इतकी बारीक की पदक बोटांत धरून, भिंगाखाली हळूहळू फिरवत वाचावी लागतात. पुष्कळदा ती अर्धवट झिजलेली असतात, कारण छातीवर पदके एकमेकांना घासतात आणि तो मार कडेवर बसतो.

आपल्याकडे पदकसंग्रहाचा छंद नाणेसंग्रहाच्या वळचणीला वाढला. व्यापारी तेच, प्रदर्शने तीच, अल्बमही तेच. त्यामुळे नाणी पाहण्याची दृष्टी पदकांनाही लागली: धातू कोणता, ठसा कोणता, झीज किती, असे नग किती, भाव काय. इंग्रजीतले जाडजूड कॅटलॉगही याच क्रमाने लिहिलेले असतात. ही माहिती टाकाऊ नाही. तिच्यावाचून खरे-खोटे कळत नाही. पण ती पुरेशीही नाही. नाणे कुणाच्याच नावाचे नसते, ते हातोहात फिरावे म्हणूनच पाडलेले असते. पदक एका माणसाला उद्देशून असते. त्या अर्थाने ते नाण्यापेक्षा पत्राच्या जवळचे आहे. जुने पत्र हाती आले की आपण आधी कागदाचे वजन करत नाही. कुणी, कुणाला, कधी आणि कशासाठी लिहिले हे पाहतो. पदकालाही हेच चार प्रश्न विचारायला हवेत. मराठी मुलुखाशी ज्यांचा संबंध आहे अशी काही पदके या रीतीने वाचली तर काय हाती लागते, ते या लेखात पाहायचे आहे.

बिननावाची पदके

आपल्या मुलुखाशी जोडलेले कंपनी सरकारचे अगदी आरंभीचे पदक म्हणजे १७८४ सालचे ‘डेक्कन मेडल’. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात यमुनेकाठच्या काल्पीपासून सुरतेपर्यंत चालत आलेले आणि पुढे गॉडर्डच्या हाताखाली गुजरात-कोकणात लढलेले बंगाल फौजेचे शिपाई, तसेच त्याच काळात हैदरअलीविरुद्ध कर्नाटकात गेलेले शिपाई, यांना ते मिळाले. पदकाच्या पुढच्या अंगावर ब्रिटानिया बसली आहे. हातातला विजयहार तिने किल्ल्याकडे केला आहे आणि किल्ल्यावर इंग्रजी निशाण आहे. मागे फारसी मजकूर आहे. त्याचा आशय असा की हिंदुस्थानापासून दख्खनपर्यंत जिंकत आलेल्या सिंहहृदयी इंग्रजांची कीर्ती या नाण्याप्रमाणे जगात टिकून राहो. म्हणजे पदक छातीवर वागवायचे शिपायाने आणि त्यावर स्तुती इंग्रजांची. शिवाय पदक स्वतःला नाणेच म्हणवून घेते. कड कोरी आहे. ‘कुणाला’ या प्रश्नाला इथे उत्तर नाही.

पुढचे महत्त्वाचे पदक १७९९ च्या श्रीरंगपट्टणचे. बर्मिंगहॅमजवळच्या मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत क्यूशलर या कारागिराने त्याचे ठसे केले. सोने, मुलामा दिलेली चांदी, चांदी, कांस्य आणि कथील अशा पाच धातूंत ते निघाले. वरच्या अधिकाऱ्यांना सोन्याचे, साध्या शिपायाला कथलाचे. चित्र एकच, धातू हुद्द्याप्रमाणे. चित्रात ब्रिटिश सिंहाने वाघाला खाली पाडले आहे. वाघ म्हणजे टिपू, हे सांगायला नको. पण वर अरबीत ‘असदुल्लाह अल्-गालिब’, म्हणजे ‘ईश्वराचा सिंह विजयी’ अशी अक्षरे आहेत. हीच अक्षरे वाघाच्या मुखवट्याच्या आकारात गुंफून टिपू आपल्या शस्त्रांवर मिरवत असे. विजेत्याने वाघ मारला आणि त्याच्या तोंडची घोषणाही घेतली. पदक इतके बोलके, आणि कड इथेही मुकी.

नाव घालणे तेव्हा अशक्य होते असे नाही. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईचे पदक ब्रिटिश सरकारने सर्व हुद्द्यांच्या सैनिकांना दिले आणि प्रत्येकाच्या कडेवर त्याचे नाव ठोकले. पडलेल्यांच्या घरच्यांनाही ते पाठवले गेले. शिपाई हा मोजायचा आकडा नसून नाव असलेला माणूस आहे, ही जाणीव पदकाच्या इतिहासात तिथे प्रथम ठळकपणे दिसते. हिंदुस्थानी शिपायाच्या वाट्याला ती यायला आणखी काही दशके जावी लागली.

उशिरा आलेली चांदी

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पदक ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ हे आहे. नेपोलियनविरुद्धच्या लढायांत लढलेल्या आणि हयात असलेल्या सैनिकांना १८४० च्या दशकाच्या अखेरीस एक पदक मिळाले. त्यात हिंदुस्थानातल्या लढाया धरल्या नव्हत्या. ती उणीव भरून काढण्यासाठी १८५१ साली कंपनीच्या खर्चाने हे पदक मंजूर झाले. चांदीचे पदक, फिकट निळी फीत, पुढे विल्यम वायनने घडवलेली व्हिक्टोरिया राणीची छबी, मागे बसलेली विजयदेवता आणि ताडमाडाचे झाड. फितीवर लढाईच्या नावाची चांदीची पट्टी. अशा पट्ट्या एकूण २१.

या २१ पट्ट्यांची यादी म्हणजे मराठी सत्तेच्या शेवटाचा एक संक्षेपच आहे. १८०३ ची असई, अडगाव, गाविलगड, अशीरगड, लासवारी. १८१७-१८ ची खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. खडकी आणि पुणे या दोन्ही लढायांत असलेल्याला दोन्ही नावांची एक जोडपट्टी. सीताबर्डी आणि नागपूरचेही तसेच. नावे अर्थात इंग्रजी कानाने ऐकलेली आहेत: खडकीचे ‘किरकी’, कोरेगावचे ‘कोरीगॉम’.

पण या यादीतल्या लढायांना जर कुणी इतिहासाची यादी समजू लागला तर फसेल. पदकावर १७९९ ते १८२६ अशी साले आहेत. पट्ट्यांतली पहिली लढाई मात्र सप्टेंबर १८०३ मधली अलीगडची आहे. १७९९ ची एकही पट्टी नाही. उलट ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला, त्याला पट्टी नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीला बापू गोखले पडले आणि पेशव्यांच्या लढाऊ फौजेचा कणा मोडला, त्यालाही पट्टी नाही. आमच्या दृष्टीने ज्या लढाईत शेवट झाला, ती या चांदीत उमटलीच नाही. कॅटलॉगवाले पट्ट्यांच्या दुर्मिळतेवर पानेच्या पाने लिहितात. न दिलेल्या पट्ट्यांवर सहसा लिहीत नाहीत. समीक्षकाला मात्र गाळलेली ओळही वाचावी लागते.

या पदकाची खरी गोम एका अटीत आहे. ते फक्त हयात असणाऱ्यांना मिळायचे होते. असईला लढलेला वीस वर्षांचा शिपाई १८५१ मध्ये अडुसष्ट वर्षांचा झाला असणार. पदक शौर्याचे म्हणून दिले गेले. प्रत्यक्षात ते मिळवायला शौर्याइतकेच दीर्घायुष्य लागत होते.

दगड आणि चांदी

कोरेगावच्या बाबतीत ही अट फार बोलते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर भीमेकाठी जो स्तंभ उभा राहिला, त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची नावे आहेत. त्यांतली २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. ती महार शिपायांची, हे आता सर्वज्ञात आहे. ‘कोरीगॉम’ अशी पट्टी असलेली पदके याच लढाईची. म्हणजे एका लढाईच्या दोन याद्या झाल्या, एक दगडावर आणि एक चांदीवर. गंमत अशी की या दोन याद्यांत एकही नाव सारखे असू शकत नाही. दगडावर १८१८ मध्ये मेलेले आहेत, चांदीवर १८५१ मध्ये जगलेले. लढाईतून वाचले पण मधल्या तेहतीस वर्षांत जे गेले, ते ना दगडावर आहेत ना चांदीवर. त्या काळातले आयुर्मान पाहता ही तिसरी, न लिहिलेली यादीच सर्वांत मोठी असणार.

नावांचा हा प्रश्न केवळ छांदिष्टांचा नाही. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये विनंतिपत्र तयार केले. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तोच लढा पुढे नेला. आपल्या पूर्वजांनी लष्करात चाकरी केली, हा त्या मागणीतला महत्त्वाचा आधार होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्तंभापाशी गेले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर हाच स्तंभ होता. धातूवर किंवा दगडावर कोरलेले नाव हा एखाद्या समाजासाठी हक्काचा पुरावा असू शकतो. ज्या पट्टीकडे लिलावात ‘दुर्मीळ नग’ म्हणून पाहिले जाते, तिचा हा दुसरा अर्थ कॅटलॉगच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

परत करायची चिन्हे

शिपायांना नावाची पदके मिळू लागली त्याच सुमारास संस्थानिकांसाठी वेगळी व्यवस्था झाली. १८६१ मध्ये ‘स्टार ऑफ इंडिया’ हा राजसन्मान सुरू झाला आणि पहिल्याच तुकडीत जयाजीराव शिंदे, तुकोजीराव होळकर आणि खंडेराव गायकवाड होते. हिरेजडित तारा, शाही झगा, गळ्यातली साखळी असा थाट. ज्या शिंदे-होळकर घराण्यांशी लढल्याबद्दल दहा वर्षांपूर्वी पदके वाटली, त्यांच्याच वारसांच्या छातीवर आता तारा आला. पण या ताऱ्यावर मानकऱ्याचे नाव नसे, आणि तो त्याच्या मालकीचाही नसे. मानकरी वारला की वरच्या वर्गाची चिन्हे राजसत्तेकडे परत करावी लागत. तीच चिन्हे पुढे दुसऱ्याला दिली जाऊ शकत. महाराजांचा तारा उसना होता. शिपायाची चांदीची चकती मात्र त्याच्या नावाची, त्याच्या घरची होती. संग्रहालयात ताऱ्यासमोर गर्दी होते आणि शिपायाची पदके खालच्या कप्प्यात ओळीने पडून असतात. ‘कुणाला’ हा प्रश्न विचारला तर हा क्रम उलटा लावावा लागेल.

पदक पत्रासारखे आहे म्हटल्यावर आणखी एक गोष्ट ओघाने येते. पत्र साभार परत करता येते. दक्षिण आफ्रिकेतल्या सेवेबद्दल गांधीजींना १९१५ मध्ये कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले होते. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी ते, आणि त्याबरोबर बोअर व झुलू युद्धांतल्या शुश्रूषापथकांची पदके, व्हाइसरॉयकडे परत पाठवली. नाणे खर्च करता येते, दान करता येते. ते परत करण्याला काही अर्थ नसतो. पदक परत करता येते, कारण ते विशिष्ट माणसाने विशिष्ट माणसाला दिलेले असते.

मोडलेली जोडी

पहिल्या महायुद्धात लढलेल्या हिंदुस्थानी शिपायाला साधारणपणे दोन पदके मिळाली: चांदीचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आणि कांस्याचे ‘व्हिक्टरी मेडल’. दोन्हींच्या कडेवर नाव. कोणत्या लढाईत होता हे मात्र कुठेच नाही. लढायांच्या पट्ट्या द्यायचा बेत होता. लष्करासाठी ७९ पट्ट्यांची यादीही झाली होती. खर्चाच्या कारणाने तो बेत सोडून दिला गेला. परिणाम असा की कुत-अल्-अमारामध्ये डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत उपासमारीत वेढा सोसलेला, मग तुर्की कैदेत गेलेला ११० व्या मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई आणि बसऱ्याच्या गोदीवर कोठाराला पहारा दिलेला शिपाई, यांची पदके हुबेहूब सारखी आहेत. फरक कळतो तो फक्त कडेवरच्या पलटणीच्या नावावरून आणि नंबरावरून. तोही दफ्तराशी ताडून पाहिल्यावर.

चांदी आणि कांस्य हा भेद इथेही होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मोहिमांपासून सैनिकाला चांदीचे आणि लष्कराबरोबरच्या नोकरवर्गाला त्याच चित्राचे कांस्याचे पदक देण्याची चाल पडली. पहिल्या महायुद्धातही मजूर तुकड्यांसाठी सुमारे १ लाख १० हजार ‘ब्रिटिश वॉर मेडल’ कांस्यात पाडली गेली. या नोकरवर्गाच्या पदकांच्या कडा वाचाव्यात: भिस्ती, डोलीवाला, मोतद्दार, स्वयंपाकी, सफाईवाला. युद्धाच्या इतिहासाच्या ग्रंथांत ज्यांना एक ओळ मिळत नाही, त्यांना इथे निदान अर्धा इंच मिळाला आहे.

पुढे धातूनेच या भेदावर सूड उगवला. ‘ब्रिटिश वॉर मेडल’मध्ये सुमारे एक औंस चांदी असते. घरात अडचण आली की ते सराफाकडे जाई. १९८० च्या जानेवारीत जगभर चांदीचा भाव अचानक भडकला, तेव्हा तर देशोदेशी अशी पदके किलोच्या हिशेबाने आटवली गेली. कांस्याला सराफ विचारत नाही. म्हणून आज बाजारात एकटी ‘व्हिक्टरी मेडल’ फार दिसतात. त्यांची चांदीची जोडीदारीण कुठल्यातरी पैंजणात किंवा निरांजनात विरघळून गेलेली असते. माझ्याकडेही एका मराठा पलटणीच्या शिपायाचे असे एकटे पदक आहे. त्याचे नाव इथे देत नाही, कारण त्याची माणसे कुठेतरी असतील आणि आधी त्यांना ते कळायला हवे. संग्राहकांच्या भाषेत अशा पदकाला ‘मोडलेली जोडी’ म्हणून कमी भाव येतो. पण नाव तर शाबूत आहे.

विकणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दुष्काळात एक औंस चांदीचा उपयोग राजाच्या छबीपेक्षा अधिक होता. स्वातंत्र्यानंतर ‘गोऱ्यांचे बिल्ले’ म्हणून त्यांच्याविषयी संकोचही निर्माण झाला. ही पदके परकीय सत्तेची होती, हे खरेच आहे. परंतु पदक वाचणे म्हणजे त्या सत्तेला मुजरा करणे नव्हे. पुढचे आणि मागचे अंग सत्तेचे असेल. कड त्या माणसाची आहे.

संख्या आणि नावे

हे इतके ठासून सांगायचे कारण बसऱ्याला आहे. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांच्या कबरी वा दहनस्थळे ठाऊक नाहीत अशा ४० हजारांहून अधिक माणसांचे स्मारक तिथे १९२९ मध्ये उभारले गेले. त्यांत मोठा भाग हिंदुस्थानी होता. ब्रिटिश सैनिकांची नावे भिंतीवर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीवार नुसती संख्या लिहिली: अमुक पलटण, इतके इतर सैनिक. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या २०२१ मधील अहवालात ही विषमता उघडपणे मान्य केली आहे.

आता आपल्याकडच्या खेड्यांत या. सातारा, रत्नागिरी, रायगड जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. मजकूर ठरावीक: या गावातून १९१४-१९१९ च्या महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातून त्या युद्धात ४६ जण पडल्याचे सांगितले जाते. अशा पाटीवर गाव आहे, आकडा आहे, नाव नाही.

म्हणजे बसऱ्याला पलटण आणि आकडा. गावात गाव आणि आकडा. दोन्हीकडे आकडाच. नाव धातूत उमटले ते फक्त पदकाच्या कडेवर, आणि मेलेल्याच्या घरी पाठवलेल्या पितळी रंगाच्या मोठ्या कांस्यचकतीवर. ती चकती एडवर्ड कार्टर प्रेस्टनने घडवली होती. तिच्यावर हुद्दा नसे, नुसते नाव, उठावाच्या अक्षरांत. जनरल असो की शिपाई, मरणानंतर सारखेच, असा त्यामागचा विचार. भोवती मात्र त्याने स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी प्राण दिले, असे शब्द. परतंत्र देशातल्या घरी ते इंग्रजीत पोचले आणि बहुधा कुणाला वाचता आले नाहीत, हे एका परीने बरेच झाले.

गावच्या पाटीत नाव नाही आणि पदकात गाव नाही. वाक्य दोन तुकड्यांत तुटलेले आहे. ते जोडण्यासाठी मध्ये भरतीची नोंदवही लागते. पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात होत्या. त्यांचे संगणकीकरण होऊन २०२१ पासून त्या सर्वांना पाहता येऊ लागल्या आणि लोक आपले पणजोबा शोधू लागले. मराठी मुलुखासाठीही अशा कामाची तितकीच गरज आहे.

भवानी कुठे आहे

स्वतंत्र भारताने आपली पदके आखली तेव्हा राजाची छबी गेली. परमवीरचक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरले गेले. ते रेखाटणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर या जन्माने युरोपीय. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून त्या इथल्याच झाल्या आणि पुराणांत त्यांची चांगली गती होती. वृत्रवधासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीचींचे वज्र त्यांनी चिन्ह म्हणून निवडले. स्वतःचा देह देणारा हा आदर्श, परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ मरणोत्तर असावेत या वास्तवाला किती चपखल बसतो, ते सांगायला नको.

मराठीत मात्र या पदकाविषयी एक गोष्ट वारंवार लिहिली जाते: वज्राच्या दोन्ही बाजूंना शिवाजी महाराजांची भवानी तलवार आहे. पदक समोर धरून पाहावे. मधोमध राजमुद्रा, भोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती; मागे हिंदी-इंग्रजी नाव आणि दोन कमळे. राजपत्रातले वर्णनही एवढेच आहे. तलवार नाही. ती आहे दुसऱ्या पदकावर. ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’ या पदकाच्या पुढच्या अंगावर मधोमध भवानी आणि भोवती प्रभा आहे. जम्मू-काश्मीरच्या १९४७-४८ च्या मोहिमेत गेलेल्या साध्या जवानांना मिळालेले ते पदक. निकेल-मिश्रधातूचे, जुन्या बाजारात सहज सापडणारे, म्हणूनच संग्राहकांनी दुर्लक्षिलेले. भवानी सर्वोच्च पदकावर असावी ही आपली इच्छा समजण्यासारखी आहे. पण ती शेतकऱ्याच्या पोराच्या छातीवर गेली, ही वस्तुस्थिती त्या इच्छेपेक्षा मला अधिक मोलाची वाटते. या पदकाच्या कडेवरही नाव असते.

संग्राहकाचे काम

पदके विकत घेणाऱ्याच्या हाती दोन्ही सत्ता असतात, जपण्याची आणि बिघडवण्याचीही. चकचकीत दिसावे म्हणून चांदीला रांगोळी आणि कांस्याला चिंच-मीठ लावून घासले की आधी कड जाते. एकाच माणसाची चार पदके चार गिऱ्हाइकांना विकली की त्याचे आयुष्य चार ठिकाणी विखुरते. एखादी साधी पट्टी काढून तिथे दुर्मीळ पट्टी चढवली, किंवा कड तासून दुसरे नाव घातले, तर पदक भाव खाते आणि माणूस पुसला जातो. असे तासलेले पदक ओळखायला व्हर्निअर कॅलिपर पुरतो: ३६ मिलिमीटर व्यासाचे पदक तासल्यावर किंचित लहान भरते. शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि सरकारी यंत्रणेखेरीज कुणालाही ती देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदके आता या मर्यादेत आली आहेत, हे विकणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनी ध्यानात घ्यावे.

कायद्यापलीकडे आणखी एक काम आहे आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. ज्याच्याकडे नावाचे पदक आहे त्याने कडेचा मजकूर जसाच्या तसा, स्पेलिंग न सुधारता, उतरवून ठेवावा. कडेचे चार बाजूंनी फोटो घ्यावेत. पदक कुठून आले, त्याबरोबर आणखी काय होते, हे लिहून ठेवावे. ज्यांच्या गावात संगमरवरी पाटी आहे त्यांनी तिचा मजकूर आणि गावातली जुनी लष्करी घराणी टिपावीत. शाळामास्तर, निवृत्त सुभेदार, नाणेसंग्राहक मंडळे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये यांच्या वह्या एकत्र आल्या तर गावचा आकडा आणि कडेवरचे नाव यांची गाठ पडू शकेल. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेल्या नावांमधून मूळ मराठी नाव ओळखणे, हे तर मराठी माणसालाच जमणारे काम आहे. ‘नॅक’ म्हणजे नाक, हे लंडनच्या लिलावगृहाला कोण सांगणार?

कांस्याची पदके आटत नाहीत, पण घासून घासून गुळगुळीत होतात. जी नावे आज भिंगाने वाचता येतात, ती आणखी एका पिढीच्या हाताळणीनंतर वाचता येतीलच असे नाही. यादी करायची असेल तर ती आताच करायला हवी.